मुलांचा फोन, घराचा नियम

मुलांच्या हातातल्या फोनवर तीन ठिकाणी बंधने घालता येतात. पहिले ठिकाण फोन स्वतः: कोणते ॲप उघडेल, दिवसात किती वेळ चालेल, नवे ॲप कोणाच्या परवानगीने उतरेल. अँड्रॉइडवर हे काम गुगलचे फॅमिली लिंक २०१७ पासून करते, आयफोनवर स्क्रीन टाइम २०१८ पासून. दुसरे ठिकाण ॲप: यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड, लहानांसाठीचे वेगळे यूट्यूब किड्स, इन्स्टाग्रामची किशोरांसाठीची खाती, ओटीटीवरचा पिन. तिसरे ठिकाण जोडणीच्या वाटेवर येते. फोनने एखाद्या संकेतस्थळाचे नाव घेतले की त्याचा पत्ता सांगण्याचे काम डीएनएस नावाची यंत्रणा करते. अश्लील किंवा घातक संकेतस्थळांचे पत्ते सांगायलाच नकार देणारी डीएनएस सेवा फोनच्या सेटिंगमध्ये बसवता येते. अँड्रॉइड ९ पासून त्यासाठी प्रायव्हेट डीएनएस अशी जागा आहे, आणि क्लाउडफ्लेअर कंपनीने एप्रिल २०२० पासून कुटुंबांसाठी अशी सेवा मोफत ठेवली आहे.

या सोयींपैकी बहुतेक एक गोष्ट धरून चालतात: एक माणूस, एक फोन, एक खाते. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडसारख्या गावातली घरे तशी नाहीत. माण, खटाव, आटपाडी, खानापूर या दुष्काळी पट्ट्यातली माणसे पिढ्यानपिढ्या गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी केरळपासून पंजाबपर्यंत पसरलेली आहेत. कोणी मेंढरे घेऊन वाटेला लागतो, कोणी ऊसतोडीला जातो. अशा अनेक घरांत शाळेतली मुले आजी-आजोबांजवळ राहतात आणि घरातला फोन सगळ्यांचा असतो. त्याच फोनवर बँकेचा संदेश येतो, त्यावरूनच पैसे पाठवले जातात, शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यावरच, आजीचे कीर्तन त्यावरच आणि नातवाचा गेमही त्यावरच. माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ साली याच म्हसवडमध्ये उभी राहिली. बाईच्या हातातला फोन हा तिच्या व्यवहाराचाही फोन असणे इथे नवलाचे नाही. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, २०२० च्या टाळेबंदीत वर्ग फोनवर भरले, आणि मुलांच्या हातातून तो पुन्हा पूर्णपणे कधी सुटला नाही.

बंधनांबद्दल इथे दोन मते ठामपणे मांडली जातात. पुढच्या संवादातले दोघे त्या मतांचे प्रातिनिधिक बोलणारे आहेत: कोईमतूरला गलाईचे दुकान चालवणारा एक पालक, ज्याची मुले म्हसवडला शिकतात, आणि माध्यमिक शाळेतली एक शिक्षिका.

पालक: मॅडम, मुलगा सातवीत, मुलगी दहावीत. मी हजार किलोमीटरवर. आई-वडील सत्तरीचे, त्यांना पोरं काय बघतात ते कळत नाही. फॅमिली लिंकमुळं रात्री दहाला फोन बंद होतो, नवं ॲप माझ्या होकाराशिवाय उतरत नाही. लांबच्या बापाला एवढा तरी आधार मिळतो. तो नको म्हणणाऱ्यांचं मला कोडंच पडतं.

शिक्षिका: नको म्हणत नाही, दादा. आधी एवढंच सांगा, लॉक कुठल्या फोनवर लावलंय?

पालक: मुलीच्या. तिला घेऊन दिलाय.

शिक्षिका: आणि मुलगा?

पालक: तो आईचा फोन घेतो.

शिक्षिका: म्हणजे ज्याला लॉकची जास्त गरज, तो लॉक नसलेल्या फोनवर आहे.

शिक्षिकेचा मुद्दा तांत्रिक दृष्ट्या बरोबर आहे. फॅमिली लिंक मुलाच्या स्वतंत्र खात्यावर चालते. आजीच्या खात्यावर चाललेल्या फोनला मुलगा कोण आणि आजी कोण हे कळत नाही. ‘असर’ या देशव्यापी ग्रामीण शिक्षण पाहणीच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयोगटातल्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असे आढळले. पण ज्यांना वापरता येतो त्यांपैकी स्वतःचा फोन मुलग्यांपैकी ३६.२ टक्क्यांकडे आणि मुलींपैकी २६.९ टक्क्यांकडेच होता. बाकीचे सारे दुसऱ्याच्या फोनवर, म्हणजे दुसऱ्याच्या खात्यावर वावरतात. त्याआधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली मुले ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के होती.

सामाईक फोनचा आणखी एक परिणाम क्वचितच कोणाच्या लक्षात येतो. यूट्यूब किंवा इन्स्टाग्राम पुढचा व्हिडिओ सुचवतात तो त्या खात्यावर आधी काय पाहिले गेले यावरून. रात्री घरातल्या मोठ्या माणसाने जे पाहिले, त्याचेच भाऊबंद सकाळी सातवीतल्या मुलापुढे येतात. मुलाने काहीही शोधलेले नसते. अशा घरात पहिली सुधारणा फिल्टरची नाहीच, खाते वेगळे करण्याची आहे. काही अँड्रॉइड फोनांत एकाच फोनवर दुसरा वापरकर्ता उघडता येतो. त्यात मुलाचे वेगळे खाते बसते. ती सोय नसेल तर फोन देताना एकच ॲप पडद्यावर अडकवून ठेवण्याची सेटिंग असते, तिला ॲप पिनिंग म्हणतात. पिन मागण्याचा पर्याय चालू ठेवला तर आजीचा पिन घातल्याशिवाय त्यातून बाहेर पडता येत नाही. प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सेटिंग चालू करणे आणि यूपीआयचा पिन मुलांना न सांगणे, या दोन गोष्टींनी गेममधून पैसे जाण्याचे बहुतेक प्रकार थांबतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे. गेममधली हत्यारे आणि हिरे विकत घेणे मात्र त्या बंदीत येत नाही.

पालक: बरं, खातं वेगळं केलं, डीएनएसही बसवलं. मग तरी झालं ना?

शिक्षिका: घाण संकेतस्थळं बंद होतील, ते झालं. पण पोरांकडं ते येतं कुठून? मावसभावाच्या ग्रुपवरून. व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप कुठलं डीएनएस अडवणार?

डीएनएसला फक्त नाव दिसते. फोनने यूट्यूबचे किंवा इन्स्टाग्रामचे नाव घेतले एवढे त्याला कळते. आत कोणता व्हिडिओ चालू आहे हे कळत नाही. व्हॉट्सॲपचे संदेश तर पाठवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये कोणालाच वाचता येत नाहीत. जोडणी दुसऱ्याच वाटेने नेणारे फुकटचे व्हीपीएन ॲप टाकले की डीएनएसचा अडथळाही बाजूला होतो, आणि ते कसे टाकायचे हे वर्गातल्या एकाला कळले की सगळ्यांना कळते. शब्द पाहून अडवणाऱ्या फिल्टरची अडचण वेगळी आहे. ते मुख्यतः इंग्रजीवर घडलेले असतात. मराठीतली शिवी इंग्रजी अक्षरांत चार प्रकारे लिहिता येते, आणि त्यांतली एकही त्यांच्या यादीत नसण्याची शक्यता मोठी असते. उलट मासिक पाळी, स्तनांचा कर्करोग, वयात येताना शरीरात होणारे बदल अशी नेमकी मुलींना लागणारी माहिती अशा फिल्टरांनी वेळोवेळी अडवलेली आहे.

संपूर्ण देशाच्या पातळीवरही असाच अनुभव आला. केंद्र सरकारने ३१ जुलै २०१५ रोजी ८५७ अश्लील संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला आणि काही दिवसांतच तो सैल केला. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ संकेतस्थळे बंद करण्यास सांगितले गेले. त्यांतली काही नाव किंचित बदलून परतली.

घरातल्या फिल्टरचा उपयोग किती, याचा अभ्यास ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि व्हिक्टोरिया नॅश यांनी युरोपातल्या कुटुंबांच्या माहितीवरून केला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. किशोरवयीन मुलांसमोर अश्लील साहित्य येणे न येणे यात घरच्या फिल्टरचा वाटा नगण्य निघाला. एका मुलाला त्यापासून दूर ठेवायचे तर १७ ते ७७ घरांत फिल्टर बसवावे लागतील, असा त्यांचा अंदाज होता.

पालक: मॅडम, त्या सतरा घरांतलं एक घर माझं असेल तर? मला बाकीच्या सोळांशी काय करायचंय? फुकट मिळतंय, दहा मिनिटांत बसतंय. न लावण्याला कारण काय?

हे उत्तर सहज बाजूला सारण्यासारखे नाही. फिल्टर फुकट आहे, बसवायला सोपा आहे, आणि त्या अभ्यासाचा विषय किशोरवयीन मुले होती. सहा-सात वर्षांचे मूल कार्टून पाहता पाहता भलत्या जागी जाते तेव्हा ते काही शोधत नसते आणि वाट काढून पुढे जाण्याचे ज्ञानही त्याच्याकडे नसते. अपघाताने समोर येणाऱ्या गोष्टी अडवण्याचे काम फिल्टर चांगले करतो. या वयात यूट्यूब किड्स, ठरावीक ॲप आणि डीएनएस एवढी तटबंदी असलेली बरी, आणि तिच्याविरुद्ध देण्यासारखे कारण नाही. दहा-अकराव्या वर्षी परवानगीने ॲप आणि ठरलेली वेळ पुरते. तेराव्या वर्षानंतर गणित बदलते. आता मूल स्वतः शोधते, वाट काढते, आणि मुख्य म्हणजे त्याचा धोका चित्रांपेक्षा माणसांकडून जास्त असतो. बंधन वयाबरोबर सैल होत गेले नाही तर मुले ते गुपचूप ओलांडतात, आणि मग मोठ्यांना काहीच दिसत नाही.

शिक्षिका: दादा, तुमची मुलगी दहावीत आहे. तिला कुणी खोट्या नावानं मेसेज केला, गोड बोलून फोटो मागितला आणि पुढं धमकी दिली, तर तुमचं लॉक काय करेल?

पालक: म्हणून तर मी तिचे मेसेज बघतो.

शिक्षिका: तिला माहीत आहे?

पालक: नाही.

शिक्षिका: ज्या दिवशी कळेल, त्या दिवसापासून ती दुसऱ्या खात्यावरून बोलेल. आणि खरी वेळ आली तर तुम्हाला सांगणार नाही. कारण सांगितलं की आधी फोन जाणार, मग शाळा. मुलींना हे पक्कं ठाऊक असतं.

या जागी शिक्षिकेची बाजू निश्चितपणे वरचढ ठरते. फोटोवरून धमकावणारा माणूस मुलीच्या भीतीवर जगतो, आणि ती भीती त्याच्याइतकीच घरच्यांचीही असते. बदनामीच्या भयाने मुलगी जितकी गप्प, तितका तो निर्धास्त. ‘असर’मधला मुलगे आणि मुलींच्या फोनमालकीतला फरक हेच दाखवतो की बंधन घालायची वेळ आली की ते आधी मुलीवर पडते. त्याच पाहणीत समाजमाध्यमे वापरणाऱ्या किशोरांपैकी नको असलेले खाते अडवणे किंवा त्याची तक्रार करणे ६२ टक्क्यांना येत होते. आपले खाते खासगी कसे करायचे हे ५५.२ टक्क्यांना ठाऊक होते. उरलेल्या मुलामुलींना हे शिकवायला एक तास पुरतो. फिल्टर ज्या धोक्यापुढे हतबल आहे, त्याच्यावर हा तास चालतो.

इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ पासून भारतात किशोरांची खाती आपोआप खासगी ठेवायला आणि अनोळखी माणसांचे संदेश अडवायला सुरुवात केली. सोळा वर्षांखालच्यांना ही बंधने सैल करायची तर पालकांची संमती लागते. ही सोय चांगली आहे, पण खाते उघडताना जन्मसाल खरे टाकले असेल तरच ती लागू होते. अनेक मुलांचे खाते दादाने किंवा काकाने मोठे वय टाकून उघडून दिलेले असते. ते वय दुरुस्त करणे हे पालकाला करता येण्याजोगे सर्वांत स्वस्त काम आहे.

पालक: तुम्ही सगळं घरच्यांवर टाकता. सांगली जिल्ह्यात आख्ख्या गावानं बंदी केली, त्याचं सगळ्यांनी कौतुकच केलं की.

पालकाचा रोख मोहित्यांचे वडगाव या कडेगाव तालुक्यातल्या गावाकडे आहे. तिथे ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद होतात, मुले अभ्यासाला बसतात, आणि साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत ते बंद राहतात. टाळेबंदीनंतर वर्ग सुरू झाले तरी मुले फोनमधून बाहेर येईनात, अशी शिक्षकांची तक्रार होती. सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय गावसभेत मांडला. सुरुवातीला लोक बिचकले. मग आशा आणि अंगणवाडी कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी ग्रामपंचायतीने निराळा मार्ग धरला: अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदी आणि मोडल्यास २०० रुपये दंड.

शिक्षिका: वडगावचा भोंगा मुलांपुरता नाही, दादा. सासूची मालिका बंद झाली, बापाचा फोन खाली ठेवला गेला. म्हणून पोरं बसली. बांशीत मोठ्यांचा फोन चालूच.

पालक: पण दीड तासच. साडेआठनंतर काय?

दोघांचेही म्हणणे खरे आहे. वडगावच्या नियमात कोणताच फिल्टर नाही. साडेआठनंतर मूल काय पाहते याबद्दल तो काही बोलत नाही. तरीही त्याच्यात एक गोष्ट आहे जी कोणत्याही ॲपमध्ये नाही: नियम घरातल्या सगळ्यांना सारखा लागू आहे आणि तो सगळ्यांसमोर ठरलेला आहे. गलाईवाल्या पालकाचे लॉक त्याच्या एकट्याच्या फोनवरून चालते, मुलांना त्याचे कारण माहीत नाही, आणि तो स्वतः रात्री बारापर्यंत रील पाहत असेल तर त्याला अडवणारे कोणी नाही. बंधनांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी वडगावकडून घ्यायची ती ही बाब. उलट शिक्षिकेच्या बाजूच्यांनी हे मानायला हवे, की ज्या घरात बाप परगावी आणि आजीला वाचता येत नाही, त्या घरात ‘मुलांशी बोला’ हा सल्ला कोणाला द्यायचा हाच प्रश्न आहे. तिथे रात्री दहाला आपोआप बंद होणारा फोन मोलाचा आहे. निव्वळ विश्वासावर सोडून देणे दोन शिकलेले पालक घरात असलेल्या कुटुंबालाच जमते.

लपून संदेश वाचण्याबद्दल दोघांचे शेवटपर्यंत जुळत नाही. पालकाला तो बापाचा हक्क वाटतो. शिक्षिकेच्या मते नजर ठेवायचीच असेल तर मुलीला सांगून ठेवावी आणि ती कधी उठेल तेही ठरवावे. कायदा पालकाच्या बाजूला झुकतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो, त्याची माहिती वापरण्यासाठी पालकाची पडताळलेली संमती मागतो आणि मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला कंपन्यांना मनाई करतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. संमतीची तरतूद त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहे. ओटीटीसाठी २०२१ च्या नियमांनी वयाच्या खुणा ठरवल्या आहेत, आणि १३ वर्षांवरील गटाच्या व त्यापुढच्या साहित्याला पालकांचे लॉक देणे बंधनकारक केले आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवायलाच बंदी केली. पण कंपन्यांना घातलेली ही बंधने सामाईक फोनपाशी तितकीच थबकतात: संमती आजीच्या खात्याची मागितली जाईल आणि नातू ती देऊन टाकेल.

पालक: समजा, मुलीनं सांगितलं की असं असं झालंय. तर पहिलं मी काय करायचं?

शिक्षिका: फोन काढून घ्यायचा नाही. ते पहिलं.

त्यानंतरची कामे क्रमाने होतात. धमकावणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की मागणी थांबत नाही. त्याच्याशी झालेले बोलणे, खात्याचे नाव, नंबर आणि तारखा जपून ठेवायच्या, चॅट पुसायचे नाही. मुलीचा फोटो मात्र कोणालाही, अगदी सल्ला मागायला नातेवाइकालाही, पुढे पाठवायचा नाही. अल्पवयीन मुलांचे अश्लील चित्र पाठवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलांना ऑनलाइन नात्यात ओढून लैंगिक कृत्याला फूस लावणेही याच कलमात येते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, कारण जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी. बालकांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते, आणि मूल स्वतःही तिथे फोन करू शकते. फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा २०२३ पासून उपलब्ध आहे. ती फोटो मागत नाही. फोनवरच त्याची एक सांकेतिक खूण तयार करून सहभागी कंपन्यांना देते, आणि ती खूण जुळणारे चित्र त्यांच्या मंचांवर आढळले की ते काढले जाते.